दगडाचा घोट

राजमतीनं दसलक्षणाच्या पर्वात भाकरी सोडली, तेव्हा आदगोंडा पाटलांना त्यात वेगळं काही वाटलं नाही. आष्ट्याजवळच्या त्यांच्या गावात जैनांच्या घरोघरी पर्वात काही ना काही सोडलं जातंच. कुणी मीठ सोडतं, कुणी तूप, कुणी दिवसातून एकदाच जेवतं. पर्व संपलं की पारणं होतं आणि दुसऱ्या दिवशी चुलीवर पुन्हा भाकऱ्या फुगायला लागतात.

राजमतीच्या ताटात मात्र भाकरी आलीच नाही. "चातुर्मास सरंपातूर न्हाई खात," ती म्हणाली. चातुर्मास सरला, दिवाळी झाली, तिनं भातही सोडला. संक्रांतीच्या सुमाराला भाजी गेली. आता तिचं जेवण म्हणजे वाटीभर पातळ आंबील, कधी कोमट दूध, आणि तेही सगळ्यांबरोबर नाही. वाटी घेऊन ती मागच्या दारी जायची. "नेम हाय," एवढंच सांगायची.

मंदिरात बायका तिला मान द्यायला लागल्या. आदगोंडांना वाटेत कुणीतरी थांबवायचं. "अण्णा, तुमच्या घरात तपस्वी हाय. पुण्य लागतंय त्याला." आदगोंडा हसून मान हलवायचे आणि घरी आले की बायकोकडं बघत बसायचे. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या.

त्यांच्या मनात एक भीती घर करून बसली होती आणि ती बोलून दाखवायची सोय नव्हती. मागच्या वर्षी शेजारच्या गावात एका म्हाताऱ्या श्रावकानं सल्लेखना घेतली होती. आधी एक धान्य सोडलं, मग दुसरं, मग अन्न, मग दूध, शेवटी पाणी, आणि देह ठेवला. पंचक्रोशी दर्शनाला लोटली होती. आदगोंडाही गेले होते, डोकं टेकवून आले होते. मोठं काम. पण ते दुसऱ्याच्या घरचं होतं. आता आपली बायको त्याच वाटेनं निघालीय, आणि आपल्याला विचारलंही नाही, हे त्यांना आतून कुरतडत होतं. हळद लावायची की ऊस, म्हैस ठेवायची की विकायची, पोराचं लग्न कुठं जमवायचं, सगळं दोघांनी एकमेकांना विचारून केलेलं. आणि एवढी मोठी गोष्ट तिनं एकटीनं ठरवावी?

विचारायचं तर दुसऱ्याच्या त्यागात आडकाठी आणल्याचं पाप. न विचारावं तर झोप नाही. शेवटी त्यांनी आपल्या परीनं तोड काढली. एका सकाळी मंदिरात गेले, मूर्तीपुढं हात जोडून उभे राहिले आणि मनाशी म्हणाले, ती भाकरी खाईल तेव्हा मी खाईन.

दुपारी सून दीपालीनं ताटात भाकरी वाढली. त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली.

"मी बी सोडली."

"आता तुमी कशाला, मामा?" दीपालीनं कपाळाला हात लावला.

राजमती उंबऱ्यात उभी होती. "आवं, तुमाला रानात राबायचं असतंय. तुमी खावा."

"तू खा, मी खातो."

ती वाटी घेऊन मागच्या दारी गेली.

आदगोंडा पाटील हा मुळात खाणारा माणूस. शाळूच्या चार भाकऱ्या, वर ताकाचा तांब्या, तेव्हा कुठं त्यांचं जेवण व्हायचं. भातावर आणि आमटीवर त्यांचा पिंड पोसेना. सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. हळदीच्या काढणीला हरणाबाई आणि तिच्यासोबतच्या बायका होत्या. दुपारी बांधावर बसून त्यांनी भाकरीचं गठुडं सोडलं की त्या खरपूस वासानं आदगोंडांच्या तोंडाला पाणी सुटायचं. मग ते उगाचच रानाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पाटाचं दार बघत उभे राहायचे. हरणाबाईनं एकदा विचारलंही, "मालक, रोज जेवणाच्या वक्ताला तिकडं काय हरवतंय तुमचं?"

असे काही आठवडे गेले. मग एका सकाळी लाइट गेली, मोटार बंद पडली आणि आदगोंडा वेळेआधीच घराकडं परतले. गोठ्याला वळसा घालून येताना त्यांना राजमती दिसली. भिंतीकडं तोंड करून ती उभी होती. हातात आंबिलीची वाटी. तिनं एक घोट घेतला, डावा हात डोक्यावर ताणला, छाती पुढं काढली, मान मागं टाकली आणि तशीच थांबली. खोल विहिरीत अंदाजानं पोहरा सोडावा तशी तिची सारी नजर आत कुठंतरी लागली होती. मग परत एक घोट. परत तसंच. तिसऱ्या घोटाला ती एकाएकी वाकली आणि सगळं बाहेर आलं. ओकारी नव्हती ती. जसं गेलं होतं तसंच परत आलं होतं.

तिनं चूळ भरली, पायानं त्यावर माती ओढली आणि वळली. समोर नवरा उभा.

"राजमती."

ती भिंतीला टेकली. पदरानं तोंड पुसलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"जात न्हाई," ती म्हणाली. छातीच्या मधोमध हात ठेवला. "हितं येऊन थांबतंय. भाकरी तर जातच न्हाई. आता पातळ बी अडतंय."

"कवापास्नं?"

"पर्वाच्या आधीपास्नं."

"आणि नेम?"

ती खाली बघत राहिली. "नेम न्हवता. नेम म्हटलं की कुणी इचारत न्हाई, म्हणून म्हटलं. माझ्या थोरल्या आक्काचं असंच सुरू झालं हुतं. आठवतंय न्हवं तुमाला? घास अडतोय, घास अडतोय म्हणत हुती. मग दवाखाना, गाठ, नळ्या, सगळं घर दारात बसून. आणि शेवटी काय? म्हटलं, जोवर चालतंय तोवर गुपचूप चालवावं. पोरांच्या जिवाला घोर नको." तिनं वाटी दुसऱ्या हातात घेतली. "पण देवाच्या नावावर खोटं बोलली मी. बायका पाया पडत्यात माझ्या. ते लय टोचतंय."

आदगोंडांना एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या. एक म्हणजे भीती. आणि दुसरी, जिची त्यांना स्वतःलाच लाज वाटली, ती म्हणजे जीव हलका झाला. ही आपल्याला सोडून निघालेली नव्हती.

"मला वाटलं तू समाधीच्या वाटंला लागलीस," ते म्हणाले. "मला न इचारता."

राजमतीनं वर बघितलं. "म्हणून तुमी भाकरी सोडली?"

"मग काय करू? एकटाच बसून खाऊ?"

ती हसायला लागली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आदगोंडांनी तिच्या हातातली वाटी काढून घेतली, नाहीतर ती पडलीच असती.

दवाखान्याचं नाव काढताच ती मागं सरली. नळ्या नकोत, चिरफाड नको, आक्काचं बघितलंय. आदगोंडांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझा नेम खोटा असंल, माझा खरा हाय. मूर्तीपुढं उभं राहून घेतलाय. तू भाकरी खाल्ल्याबिगर मला सुटका न्हाई. आता तूच बघ, माझं काय करायचं ते."

दुसऱ्या दिवशी ती आष्ट्याच्या डॉक्टरकडं गेली. त्यांनी तपासलं, विचारपूस केली आणि सांगलीला जाऊन बेरियम पिऊन गिळण्याचा फोटो काढून आणायला सांगितलं.

सांगलीला न्यायला मुलगा गाडी घेऊन आला; अतिशय त्याचं नाव. एक्स-रे केंद्रातल्या बाकावर बसल्या बसल्या त्यानं मोबाइल काढला, आणि थोड्या वेळानं वडिलांना बाजूला घेतलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"अण्णा, ह्यात लिवलंय बेरियम विष हाय. पूर्वी उंदरं मारायला वापरायचे म्हणं. आणि ते आईला प्यायला देणार?"

आदगोंडा उठले ते सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरले. मागून अतिशय आणि राजमतीही गेली. डॉक्टर राजेश्वरी मूळच्या पाटणच्या, पन्नाशीकडं झुकलेल्या. बोलणं शांत, पण त्यात अजून कोयनेकडचा हेल होता. त्यांनी तिघांना बसायला सांगितलं आणि पोराचा मोबाइल हातात घेऊन वाचला.

"खरं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण ते बेरियम वेगळं. ते पोटातल्या आम्लात विरघळतं, रक्तात जातं, म्हणून विष. आम्ही देतो ते विरघळतच नाही. पाण्यात नाही, आम्लात नाही. तोंडातनं जाईल तसं पोटात उतरेल आणि उद्या-परवा बाहेर पडेल. अंगाला काही लागत नाही. फक्त पाणी भरपूर प्यायचं, नाहीतर पोट घट्ट होतं. आणि सकाळी पांढरं दिसलं तर घाबरायचं नाही."

राजमतीनं पदर सावरला. तिची शंका निराळीच होती. "डॉक्टर, पांढरी भुकटी म्हणताय. हाडाची न्हाई न्हवं? आमाला चालत न्हाई ते."

"हाडाची नाही, काकू. दगडाची."

डॉक्टरांनी टेबलावरच्या कागदांवर ठेवलेला एक दगड उचलून तिच्यापुढं धरला. मळकट पांढरा, कडेनं काचेसारखा चमकणारा, मुठीत मावेल एवढा. "आंध्रात खाणी आहेत ह्याच्या. तिकडच्या एका मैत्रिणीनं दिलाय. धरून बघा."

राजमतीनं हात पुढं केला आणि दगड हातात पडताच तिचा हात एकदम खाली गेला. दुसरा हात लावून तिनं तो सावरला. "आगं बाई! एवढुसा तर हाय."

आदगोंडांनीही घेऊन बघितला. आयुष्यभर रानातले दगड वेचून बांधावर टाकलेला माणूस, दगडाचं वजन डोळ्यांनी सांगणारा. हा त्यांना फसवून गेला. आकार गारगोटीचा आणि भार लोखंडाचा. त्यांनी तो दोनदा या हातातून त्या हातात घेतला.

"दिसतो गारगोटीसारखा," डॉक्टर म्हणाल्या, "पण गारगोटीवर चाकू चालत नाही, ह्याच्यावर सहज ओरखडा पडतो. मऊ आहे, नुसता जड. ग्रीक लोकांच्या भाषेत जड म्हणजे 'बारिस'. त्यावरनं ह्याला बॅराइट म्हणायला लागले, आणि ह्याच्यात जे मूलद्रव्य सापडलं त्याचं नाव बेरियम. गंमत म्हणजे ते बेरियम नुसतं वेगळं काढलं तर ह्या दगडापेक्षा हलकंच भरतं. पण नाव पडलं ते पडलं."

"म्हंजी बापाचं आडनाव लागलं म्हणायचं," राजमती म्हणाली.

डॉक्टर मनापासून हसल्या. "तसंच. आता हा जड आहे म्हणूनच आमच्या कामाचा. हाड फोटोत दिसतं, कारण क्ष-किरण त्याच्यातनं सहज पार होत नाहीत. तुमची अन्ननलिका मऊ, तिच्यातनं किरण आरपार जातात, मग दिसणार काय? हा दगड त्यांना अडवतो. तो आत गेला की वाट दिसते. फोटोच्या खोलीच्या भिंतींना सुद्धा ह्याच्याच भुकटीचा गिलावा आहे, किरण बाहेर यायला नकोत म्हणून."

अतिशयचं समाधान झालं. राजमतीचंही झालं. आदगोंडा मात्र तिथंच उभे राहिले.

"तुमचं सगळं बरोबर असंल," ते म्हणाले. "पण मला आधी द्या एक घोट."

"काका, तुम्हाला कशाला?"

"ती काय पिणार हाय ते मला कळाय नको?"

डॉक्टरांनी जरा विचार केला, मग चमचाभर पांढरं पाणी एका कपात ओतून त्यांच्यापुढं केलं. आदगोंडांनी ते औषध घेतल्यासारखं डोळे मिटून तोंडात घेतलं. खडू उगाळून त्यात आइस्क्रीमचा वास मिसळावा तशी चव. मिशीला पांढरी कड लागली.

"कसं हाय?" राजमतीनं विचारलं.

"चुना लावलेल्या भिंतीला चाटल्यासारखं. पण गोड हाय."

"मग पिते मी," ती म्हणाली.

तिला आत नेलं. जाडजूड काचेच्या पलीकडं डॉक्टर होत्या, त्यांच्याच मागं आदगोंडांना उभं राहू दिलं. राजमतीला एका फळीला टेकून उभं केलं होतं. दवाखान्याच्या झग्यात ती लहान मुलीसारखी दिसत होती. हातात मोठा कप. डॉक्टर माइकवरून म्हणाल्या, "काकू, घ्या एक घोट. गिळा."

पडद्यावर आधी नुसत्या बरगड्या आणि मणके होते. मग गळ्यापाशी एक पांढरी धार उमटली आणि सरसर खाली आली. आदगोंडा पुढं झुकले. धार छातीच्या मध्यापर्यंत आली, आणखी खाली आली आणि थांबली. वरून दुसरा घोट आला, तोही तिच्यावर साठला. पांढरा ओघ फुगत गेला आणि खालचं टोक मात्र बारीक, बारीक होत पक्ष्याच्या चोचीसारखं झालं. त्या टोकातून एक केसाएवढी रेघ कशीबशी पोटात उतरत होती.

काचेच्या पलीकडं राजमतीनं नकळत डावा हात डोक्यावर ताणला आणि मान मागं टाकली.

रोज भिंतीकडं तोंड करून ती एकटी हेच सोसत होती, आणि आपण रानात भाकरीच्या वासाला भीत होतो.

"दार उघडंना झालंय," ते पुटपुटले. "वरनं पाणी येतंय आणि पाटाचं दार मिटलेलं."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या. त्या अजून पडद्याकडंच बघत होत्या. "अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूचं एक वळं असतं. घास आला की ते सैल पडायला पाहिजे. काकूंचं पडत नाही."

"आणि गाठ?"

डॉक्टर त्यांच्याकडं वळल्या. "गाठीसारखं मला काही दिसत नाही, काका. कडा सरळ आहेत. पोटाचे डॉक्टर दुर्बिणीतनं एकदा बघतील, ते बघायलाच पाहिजे. पण ह्याला उपाय आहे. फुगा घालून ते वळं सैल करतात. बऱ्याच जणांना त्यानं नीट गिळता येतं."

आदगोंडा बाहेर येऊन बाकावर बसले. राजमती कपडे बदलून आली. ओठांवर आणि हनुवटीवर अजून पांढरे डाग होते. ती नुसतीच त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. विचारायचं धाडस होईना.

"आक्कासारखं दिसत न्हाई म्हणत्यात," ते म्हणाले.

मग भर लोकांत, पोराच्या देखत, त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याचं टोक पाण्यानं भिजवलं आणि बायकोचं तोंड पुसलं. हलक्या हातानं, कोपऱ्याकोपऱ्यातून. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं त्यांनी कधी घरातसुद्धा केलं नव्हतं. राजमती लाजून इकडंतिकडं बघायला लागली, पण मान मागं घेतली नाही.

दुर्बिणीतही गाठ निघाली नाही. मिरजेच्या दवाखान्यात फुग्याचं काम झालं. थोडं दुखलं, रात्रभर ठेवून घेतलं, आणि आठवडाभर पातळ खायला सांगून घरी सोडलं. त्याच सुमारास गावात साध्वी माताजींचा मुक्काम होता. राजमती त्यांच्यापुढं जाऊन बसली आणि खोट्या नेमाचं सगळं सांगून टाकलं. माताजींनी शांतपणे ऐकलं. रोज एक माळ जपायला सांगितली, आणि वर म्हणाल्या, "आता मागच्या दारी जेवायचं नाही. सगळ्यांत बसून जेवायचं. हे पण प्रायश्चित्तच समज."

आठवडा सरल्यावर दीपालीनं दोन ताटं शेजारीशेजारी मांडली. राजमतीनं भाकरीचा चतकोर आमटीत कुस्करला, घास घेतला आणि थांबली. सगळं घर थांबलं. मग तिनं दुसरा घास घेतला. आदगोंडांनी तोपर्यंत दम धरला होता. त्यानंतर त्यांनी किती भाकऱ्या खाल्ल्या ते दीपालीनं कुणालाच सांगितलं नाही.

पुढं उन्हाळ्यात परत तपासणीसाठी सांगलीला जायचं होतं. डॉक्टर राजेश्वरींनी राजमतीला ओळखलं. या खेपेला आदगोंडांनी घोट मागितला नाही, पण काचेमागं उभे राहिले. पांढरी धार गळ्यातून निघाली, छातीतून सरळ आली, खालच्या टोकाला क्षणभर घुटमळली आणि पोटात उतरली. थोडं मागं राहिलं होतं, पण डॉक्टर म्हणाल्या, तेवढं चालतं. सावकाश जेवा, चावून खा, त्रास वाटला तर लगेच या, लपवू नका. शेवटचं वाक्य त्यांनी दोघांकडं बघून म्हटलं.

परत निघताना राजमतीनं अतिशयला बाजारात गाडी थांबवायला लावली. तिला भडंग खायचं होतं, बिनलसणाचं. कित्येक महिन्यांत तिनं स्वतःहून काही मागितलं नव्हतं, त्यामुळं पोरगं धावतच गेलं आणि मोठी पिशवी घेऊन आलं. ऊन अजून उसात होतं, दिवस मावळायला अवकाश होता. मागच्या सीटवर ती दोघं बसली, मधे भडंगाची पिशवी. राजमती थोडं थोडं तोंडात टाकत होती, सावकाश चावत होती. दर घासाला आदगोंडांची नजर तिच्या गळ्यावर जायची आणि घास खाली उतरेपर्यंत तिथंच राहायची.

"आवं," ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघताय? शेंगदाणं तेवढं माझ्यासाठी ठेवा. मघापास्नं तुमीच येचून खाताय."

आदगोंडांनी मूठ उघडून बघितली. खरंच, सगळे शेंगदाणेच होते. त्यांनी ते तिच्या ओंजळीत टाकले.